स्पोर्ट्स कारला ऑल-सीझन टायर घालताना आधी थंडी मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडी दोन दारांची, मागच्या चाकांना ताकद जाणारी स्पोर्ट्स कार. पुढे २४५/४० आर१८, मागे २७५/३५ आर१८. गाडीसोबत आलेल्या समर टायरपैकी मागची जोडी संपत आली आहे, पुढची अजून बरी आहे. गाडी बारा महिने रोज चालते. हिवाळ्यात सकाळी तापमान शून्याच्या आसपास उतरतं, हंगामात दोन-चार वेळा बर्फ पडतो आणि रस्ते लवकर साफ होतात. वर्षातून एखाद्या वेळी रेसिंग ट्रॅकवर जायची हौस आहे. टायरचा दुसरा संच ठेवायला जागा नाही. अशा वेळी कोणते ऑल-सीझन परफॉर्मन्स टायर घ्यावेत?

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. तुमच्या वापराला अल्ट्रा हाय परफॉर्मन्स गटातले ऑल-सीझन टायर चालतील, आणि चांगले चालतील. पण दोन अटींवर: चारही टायर एकदम बदला, आणि त्या टायरवर ट्रॅकचा बेत आखू नका. कोणत्या कंपनीचे घ्यायचे हे शेवटी बघू. बहुतेक जण तेच पहिल्यांदा विचारतात आणि मग वर्षभर ‘टायरमध्ये दम नाही’ म्हणत फिरतात. दम असतो, गटच चुकलेला असतो.

गट ठरतो तो तुमच्या सगळ्यात थंड सकाळवरून. गाडीच्या ताकदीवरून नाही, टॉप स्पीडवरून तर अजिबात नाही.

टायरचं रबर रस्त्याला धरतं ते दोन प्रकारे. एक म्हणजे पृष्ठभागाला चिकटून, आणि दुसरं म्हणजे डांबरातल्या खडीच्या बारीक उंचसखलपणात शिरून, दबून, पुन्हा उमलून. या दबण्या-उमलण्यात रबर जी ऊर्जा गिळतं त्यातून पकड मिळते. त्यासाठी ते मऊ असावं लागतं, आणि किती तापमानाला मऊ असावं हे कारखान्यात मिश्रण ठरवतानाच पक्कं होतं. समर टायरचं मिश्रण उबदार आणि तापलेल्या रस्त्यासाठी जुळवलेलं असतं. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ते आखडायला लागतं. हा सातचा आकडा अंदाजाचा आहे. ८ अंशांना सगळं ठीक आणि ६ ला गाडी घसरली असं होत नाही, उतार हळूहळू असतो. पण शून्याजवळ आलात की फरक कुणालाही जाणवतो. थंड सकाळी ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार भागाच्या, ठोकळ्याच्या कडेत अंगठ्याचं नख दाबून बघा. उन्हाळ्यात ज्या टायरवर नखाची खूण सहज उठत होती, तिथे नख सटकून जातं. त्याच दिवशी पहिल्या वळणावर गाडीचं नाक बाहेर जातं किंवा दुसऱ्या गिअरमध्ये मागची चाकं सुटतात, आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकत राहतो.

याहून कडाक्याच्या थंडीत प्रश्न पकडीपुरता राहत नाही. अनेक कंपन्या त्यांच्या समर टायरबद्दल स्पष्ट बजावतात की साधारण उणे ७ अंशांच्या खाली हे टायर वापरू नका, त्यावर उभी असलेली गाडी हलवूसुद्धा नका. कारण गोठलेल्या रबराला तडे जाऊ शकतात, आणि असे तडे सहसा वॉरंटीत बसत नाहीत.

इथे सगळे एक गोष्ट विसरतात. हवामानाच्या अंदाजात दिवसाचं कमाल तापमान बघून उपयोग नाही. गाडी रात्रभर बाहेर उभी असेल तर सकाळी टायर त्या रात्रीच्या तापमानालाच असतो. स्पोर्ट्स कार जोरात चालवली तर टायर गरम होतो हे खरं, पण सकाळच्या गर्दीत सिग्नल ते सिग्नल जाताना तो कधी गरम होणार? म्हणून वर्षातल्या किती सकाळी तुम्ही ७ अंशांखाली घराबाहेर पडता, ते मोजा. आठवडा-दोन आठवडे असेल तर समर टायर ठेवा आणि तेवढे दिवस जपून चालवा. दोन-तीन महिने असेल, तुमचं तसंच दिसतंय, तर ऑल-सीझन योग्य. चार-पाच महिने बर्फात जाणार असतील तर समर आणि विंटर असे दोन वेगळे संच, त्याला पर्याय नाही. आणि जिथे पारा कधी १० च्या खाली जातच नाही तिथे स्पोर्ट्स कारला ऑल-सीझन घालणं म्हणजे वर्षभर पकड सोडून देऊन बदल्यात काहीच न मिळवणं. टिकाऊपणासाठी घेतो, असं काही जण सांगतात. मग रोजच्या वापरासाठी बनवलेला चांगल्या कंपनीचा समर टायर घ्या की.

आता, सोडून देणं म्हणजे नेमकं किती? कंपनीगणिक वेगळं असतं, त्यामुळे टक्क्यांचा दावा करत नाही. पण थोड्या फरकाचा परिणाम किती होतो हे गणिताने दाखवता येतं. ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण ब्रेक दाबला आणि टायर-रस्त्याचा घर्षणांक १ धरला, तर गाडी सुमारे ३९ मीटरमध्ये थांबते. घर्षणांक ०.९ झाला तर सुमारे ४४ मीटर लागतात. पाचेक मीटर जास्त, म्हणजे एका गाडीची लांबी. ऐकायला फार वाटत नाही. पण ज्या जागी पहिली गाडी थांबली, त्याच जागी दुसरी अजून ताशी सुमारे ३२ किलोमीटरने पुढे चाललेली असते. समोर उभ्या गाडीवर ३२ च्या वेगाने आदळणं म्हणजे बंपरवर ओरखडा नव्हे.

हेच गणित थंडीत उलटं फिरतं. ३ अंश तापमान, ओला रस्ता, आणि तुमच्या मागच्या जोडीसारखे झिजलेले समर टायर असतील, तर चांगला नवा ऑल-सीझन त्यांच्यापेक्षा निःसंशय आधी थांबतो. निवड करताना या दोन्ही बाजू एकत्र मांडाव्या लागतात. उन्हाळ्यातल्या कोरड्या रस्त्यावरच्या चाचण्यांचे आकडे बघून ऑल-सीझनला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

स्टेअरिंगच्या अनुभवाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण समर टायरवरून ऑल-सीझनवर आलेल्यांची पहिली तक्रार हीच असते: गाडी ‘सैल’ झाली. ऑल-सीझनच्या ट्रेडमध्ये बारीक बारीक चिरा असतात, त्यांना साइप म्हणतात. बर्फात आणि ओल्यात या चिरांच्या कडा पकड देतात. पण चिरा पाडल्या की ठोकळा कमजोर होतो. उंच खोडरबर टेबलावर उभं धरून ढकललं की ते कसं वाकतं, तसा ठोकळा वळणात वाकतो. स्टेअरिंग फिरवल्यावर गाडी वळायच्या आधी जो क्षणभर उशीर जाणवतो तो यामुळे. चांगल्या परफॉर्मन्स टायरमध्ये साइप सरळ न ठेवता आतून नागमोडी ठेवतात, म्हणजे जोर आला की दोन्ही भिंती एकमेकींत अडकतात आणि ठोकळा ताठ राहतो. खांद्याकडचे, म्हणजे टायरच्या बाहेरच्या बाजूचे ठोकळेही मोठे आणि कमी चिरांचे ठेवतात. टायर बघायला गेलात तर बाहेरचा खांदा नीट बघा. तिथे सलग, भरीव रबर दिसलं तर तो टायर वळणासाठी बनवलाय. तिथेही मधल्यासारख्याच दाट चिरा असतील तर बनवणाऱ्याचा कल बर्फाकडे आहे.

यातून एक गंमत निघते. ऑल-सीझन टायर कोरड्यात सगळ्यात छान वागतो तो अर्धा झिजल्यावर, कारण ठोकळे बुटके होतात आणि वाकणं कमी होतं. पण तोवर बर्फातली त्याची ताकद बरीचशी गेलेली असते. नवा असताना ट्रेडची खोली ८ मिलिमीटरच्या आसपास असते. ४ मिलिमीटरच्या खाली बर्फात भरवसा धरू नये, ३ च्या खाली पावसात जपावं, आणि १.६ ही बहुतेक देशांतली कायदेशीर शेवटची मर्यादा. म्हणजे ‘सगळे ऋतू’ हा दावा टायरच्या पहिल्या निम्म्या आयुष्यापुरता धरा. कॉन्टिनेंटलच्या एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस ०६ प्लस या टायरवर हे उघडच दाखवलंय: ट्रेडमध्ये डी, डब्ल्यू, एस ही अक्षरं कोरलेली असतात, अनुक्रमे कोरडं, ओलं आणि बर्फ यांसाठी. झिजताना एस आधी पुसला जातो. एस गेला की बर्फाचा नाद सोडायचा. बाकीच्या टायरवर अशी सोय नसेल तर खोली मोजायचं छोटं गेज गाडीत ठेवा आणि हिवाळा लागायच्या आधी मोजा.

आता साइडवॉलवरच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरच्या खुणा. एम प्लस एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही खूण जवळपास प्रत्येक ऑल-सीझनवर असते. ती फार मनावर घेऊ नका. नक्षीत मोकळी जागा आणि खाचा ठरावीक प्रकारच्या आहेत एवढंच ती सांगते, बर्फावरची चाचणी त्यासाठी लागत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी जी खूण असते, तिच्यामागे मात्र चाचणी आहे: दाबलेल्या बर्फावर टायरने ठरलेल्या संदर्भ टायरपेक्षा ठरावीक प्रमाणात जास्त पकड दाखवावी लागते. तरी ही चाचणी सरळ रेषेतली आहे. बर्फाच्या वळणाबद्दल किंवा काचेसारख्या गोठलेल्या थराबद्दल ती काही बोलत नाही. गोठलेल्या थरावर टिकणारी पकड खऱ्या विंटर टायरचीच, आणि तीसुद्धा बेताची.

खुणा इतक्या बारकाईने सांगतोय कारण ‘ऑल-सीझन’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या घराण्यांचे टायर विकले जातात. अमेरिकी बाजारात ऑल-सीझन परफॉर्मन्स म्हणजे स्पोर्टी टायर ज्याला थंडी चालते. त्यातल्या बऱ्याच टायरवर फक्त एम प्लस एस असतं. युरोपात ऑल-सीझन म्हणजे मुळात हिवाळ्याकडे झुकलेला टायर ज्याला उन्हाळा चालतो. त्यावर डोंगराची खूण असते. मिशलिनचा पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ पहिल्या घराण्यातला, त्याच कंपनीचा क्रॉसक्लायमेट २ दुसऱ्या घराण्यातला. एकाच कंपनीचे दोन ऑल-सीझन, पण एक घातला तर गाडी स्पोर्ट्स कार वाटते आणि दुसरा घातला तर बर्फात निवांत झोप लागते. दोन्ही एकदम मिळत नाही. तुम्ही राहता तिथला कायदाही बघा: जर्मनीत हिवाळी परिस्थितीत नुसतं एम प्लस एस असलेला टायर ३० सप्टेंबर २०२४ नंतर चालत नाही, डोंगराची खूण लागतेच. अशा ठिकाणी अमेरिकी पद्धतीचा टायर कितीही चांगला असला तरी बाद.

आता तुमचा न विचारलेला प्रश्न. पुढचे समर अजून बरे आहेत, मग मागे फक्त दोन ऑल-सीझन घातले तर? नाही. गाडी चारही टायरची पकड एकमेकांशी जुळलेली धरून बनवलेली असते. पुढे समर आणि मागे ऑल-सीझन असेल तर गरम कोरड्या रस्त्यावर जोरात वळताना मागची बाजू पुढच्याआधी सुटते. मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय दचकून उचललात की शेपूट फिरलीच म्हणून समजा. थंडीत हेच उलटं: पुढचे आखडलेले समर वळत नाहीत आणि गाडी सरळ जाते. एकच गाडी जुलैत एक आणि जानेवारीत दुसरी वागायला लागली तर चालवणाऱ्याच्या हाताला सवय तरी कशाची लागणार? ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा, सांभाळून घेईल यावर विसंबू नका; तेसुद्धा टायरकडे जेवढी पकड आहे तेवढ्यातच काम करतं. पुढची जोडी चांगली असेल तर विकून टाका.

माप आणि आकडे. तुमच्या मापात २४५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ४० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ४० टक्के, १८ म्हणजे इंचांत रिमचा व्यास. पुढच्या टायरचा बाहेरचा व्यास हिशेबाने ६५३ मिलिमीटर आणि मागच्याचा ६५० येतो. रुंदी वेगळी असूनही व्यास जवळपास सारखा ठेवलाय तो एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलसाठी, त्यामुळे ‘मागे थोडे जाड टाकू’ असल्या प्रयोगात पडू नका. मापानंतर लोड इंडेक्स येतो, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याचा आकडा. ९३ म्हणजे एका टायरवर ६५० किलो, ९५ म्हणजे ६९०, ९७ म्हणजे ७३०. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात जो आकडा आहे त्याच्या खाली जायचं नाही. एक्सएल लिहिलेला टायर जास्त भार पेलतो, पण तेवढी जास्त हवा भरली तरच. मूळ टायर साधे होते आणि आता एक्सएल घेतले, तर बसवणाऱ्याला स्टिकरवरचा आकडा दाखवून हवा किती ठेवायची ते तिथेच पक्कं करा, आणि स्टिकरपेक्षा कमी तर कधीच नको.

वेगाचं अक्षर: एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३०० किलोमीटर ताशी. एवढ्या वेगाने कोण जातं, म्हणून खालचं अक्षर घ्यायचा मोह होतो. वरच्या अक्षराचा टायर सहसा आतून जास्त ताठ बांधलेला असतो, आणि स्पोर्ट्स कारला तो ताठपणा वेगासाठी नाही तर वळणासाठी लागतो. एच अक्षराचा टायर या गाडीवर हलायला लागेल. शिवाय गाडीला मंजूर असलेल्या अक्षराच्या खाली जाणं अनेक ठिकाणी नियमात आणि विम्यात अडचणीचं ठरतं. डब्ल्यू किंवा वायच घ्या.

गाडीसोबत आलेल्या टायरवर एखादी खास खूण आहे का तेही बघा. पोर्शेसाठी एन० किंवा एन१, बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ. याचा अर्थ तो टायर त्या गाडीच्या सस्पेन्शनशी जुळवून बनवलाय, बाजारात तेच नाव असलेला टायर हुबेहूब तोच नसतो. ऑल-सीझनमध्ये अशी खूण असलेला पर्याय मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर गाडी वॉरंटीत आहे का, एवढं पाहून निर्णय घ्या. मूळ टायर रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) असतील आणि डिकीत स्टेपनी नसेल, तर साधे टायर घालताना पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप गाडीत हवाच. रनफ्लॅट काढल्यावर गाडी खड्ड्यांतून कमी आदळते, ते सुख वेगळंच.

यूटीक्यूजी नावाचा अमेरिकी प्रतवारीचा शिक्का पाहून लोक टायर निवडतात, त्यावर थोडं. यात ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजण्याचा आकडा, ओल्यातल्या ट्रॅक्शनचं अक्षर आणि तापमानाचं अक्षर असतं. ट्रेडवेअरची चाचणी टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळ सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरलेल्या मार्गावर गाड्यांचा ताफा चालवून होते, एकूण ११,५०० किलोमीटरच्या आसपास. पुढचं आयुष्य त्यावरून हिशेबाने काढतात आणि ग्रेड कंपनी स्वतःच देते. म्हणून एका कंपनीचा ५०० आणि दुसरीचा ५६० यांची तुलना करण्यात काही राम नाही. एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना मात्र उपयोगी. ट्रॅक्शनचं एए अक्षर तरी काय सांगतं? ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत, चाक लॉक करून मोजलेली पकड. वळणाबद्दल नाही, पाण्यावर तरंगण्याबद्दलही नाही. युरोपीय लेबलावरचं ओल्यातल्या पकडीचं अक्षर ए ते ई असं असतं, मिळत असेल तर ते जास्त कामाचं.

पाण्यावर तरंगण्याबद्दल तुमच्या गाडीला खास इशारा, कारण मागे २७५ ची रुंदी आहे. टायर जितका रुंद तितकं जास्त पाणी त्याला बाजूला सारावं लागतं. १९६० च्या दशकात नासाच्या अभ्यासातून निघालेलं एक साधं सूत्र अजून वापरतात: गुळगुळीत टायर साचलेल्या पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ३६ पीएसआयला तो वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर येतो, २५ पीएसआयला सुमारे ८३. चांगली खोल नक्षी असेल तर प्रत्यक्षात याहून बरं चालतं, पण गोटा झालेल्या टायरला हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. म्हणजे टायर झिजलेला, त्यात हवा कमी, आणि महामार्गावर पाणी साचलेलं असेल तर स्टेअरिंग हातात नुसतं शोभेला राहतं. टायर निवडताना परिघाभोवती जाणाऱ्या खोल, रुंद खाचा किती आहेत ते बघा. पावसात पाणी बाहेर काढायचं मुख्य काम त्याच करतात.

ट्रॅकचं. ऑल-सीझनवर ट्रॅक करू नका असं मी म्हणतो ते टायर फुटेल म्हणून नाही. पाच-सहा लॅप झाल्या की खोल, चिरा पाडलेले ठोकळे आतून तापतात आणि वाकून वाकून आणखी तापतात. मग टायर बुळबुळीत लागायला लागतो, आणि तरी दामटला की खांद्यावरच्या ठोकळ्यांचे तुकडे निघतात. तापवून निवलेला टायर नंतर थंडीतही पहिल्यासारखा राहत नाही. म्हणजे एका दिवसाच्या हौसेसाठी ज्या कामाला टायर घेतले तेच काम बिघडवून घ्यायचं. वर्षातून एकदाच जायचं असेल तर त्या दिवसापुरती आयोजकांची किंवा भाड्याची गाडी चालवा. मनातून ट्रॅकच महत्त्वाचा असेल तर प्रश्नच बदलतो: समर टायर घ्या आणि हिवाळ्यासाठी दुसऱ्या संचाला जागा शोधा. काही टायरवाले हंगामभर टायर ठेवून घेतात, चौकशी करा.

तुमच्या मापात एक गैरसोय आहे, तीही ऐकून ठेवा. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असल्यामुळे पुढचे मागे आणि मागचे पुढे फिरवता येत नाहीत. नक्षी असममित, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या बाजूला वेगळी असेल तर निदान डावा-उजवा बदल होतो, बाण असलेल्या एकदिशीय नक्षीत तोही नाही, रिमवरून काढून उलटवावे लागतात. म्हणून वेगळ्या मापांच्या गाडीला असममित नक्षीच घ्या. कंपन्यांची किलोमीटरची वॉरंटीसुद्धा अशा गाडीच्या मागच्या टायरसाठी बरेचदा निम्मी धरतात, ती अट आधी वाचा. गाडीच्या कंपनीने चारही चाकांना २४५/४० हे माप मंजूर केलं असेल आणि मागच्या रिमची रुंदी त्या मापात बसत असेल (८ ते साडेनऊ इंच), तर हिवाळ्याच्या दृष्टीने तो उत्तम मार्ग आहे: अरुंद टायर बर्फात आणि पाण्यात बरे, शिवाय चारही फिरवता येतात. पण मंजुरी नसेल तर स्वतःच्या डोक्याने करू नका. मागची रुंदी कमी केली की गाडीचा तोल बदलतो आणि शेपूट लवकर सुटते.

तर मग कोणते? तुमच्या वर्णनावरून मी दोघांतच निवडेन. मिशलिन पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ कोरड्यात आणि ओल्यात जास्त तीक्ष्ण, समर टायरच्या सगळ्यात जवळ जाणारा. कॉन्टिनेंटलचा डीडब्ल्यूएस ०६ प्लस स्टेअरिंगला थोडा मवाळ, पण चालायला आरामशीर आणि बर्फात जरा जास्त धीराचा. तुमच्याकडे बर्फ दोन-चारदा पडतो आणि रस्ते साफ होतात, त्यामुळे माझा कल मिशलिनकडे. घरासमोरच चढ असेल आणि तो साफ व्हायला दुपार होत असेल तर कॉन्टिनेंटल. पिरेली, ब्रिजस्टोन, गुडइयर, योकोहामा यांचेही या गटातले टायर वाईट नाहीत, पण पुढचं आणि मागचं अशी दोन्ही मापं एकाच मॉडेलमध्ये, योग्य लोड इंडेक्स आणि अक्षरासह मिळतात का हे आधी तपासा. अनेकदा निवड तिथेच संपते. पुढे एक आणि मागे दुसरं मॉडेल, असं करू नका, कंपनी एकच असली तरी.

बसवायच्या आधी एक काम. जुने टायर उतरवले की त्यांच्याकडे बघा. मागच्या टायरची खोली बाहेरच्या खाचेत, मधे आणि आतल्या खाचेत अशी तीन ठिकाणी मोजा. स्पोर्ट्स कारमध्ये बाहेर ४ मिलिमीटर आणि आत जेमतेम दीड, हे चित्र नेहमीचं आहे; गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही, कारण आतली बाजू कधी नजरेस पडत नाही. मग तळवा ट्रेडवरून आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत लागलं आणि उलट फिरवताना ठोकळ्यांच्या कडा बोचल्या तर टो, म्हणजे वरून बघताना चाकं सरळ आहेत की आत-बाहेर वळलेली तो कोन, बिघडलाय. निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कललेला असणं, या गाड्यांना मुळातच असतो आणि आतली कड थोडी जास्त झिजणारच, पण टो चुकला तर नवे टायर निम्म्या आयुष्यात संपतात. नवे टायर चढवून लगेच चारही चाकांचं अलाइनमेंट करा आणि आधीचे-नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्या.

टायर घेताना साइडवॉलवरच्या तारखेचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर जवळपासच्या तारखांचे असावेत. वर्षभर नीट साठवलेला टायर जुना होत नाही, त्यावरून हुज्जत नको. तीन-चार वर्षं पडून राहिलेला मात्र घेऊ नका.

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश राहिलेला असतो, आणि ठोकळेही उंच असतात. पहिले ३०० ते ५०० किलोमीटर, विशेषतः ओल्यात, हात राखून चालवा. शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्या. हवा नेहमी गाडी थंड असताना बघायची. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की दाब सुमारे १ पीएसआयने उतरतो, म्हणजे शरद ऋतूत २५ अंशांना भरलेली हवा हिवाळ्यातल्या ३ अंशांना ४ पीएसआयने कमी झालेली असते, टायर कुठेही गळत नसताना. त्यामुळे थंडीत हवा दर पंधरवड्याला तपासा.